गाडीखालचा कडक बिछाना

मणक्याच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वाकायचं नाही, आणि दुपारी थोडा वेळ कडक जमिनीवर उताणं झोपायचं. घरच्यांनी त्यातली पहिलीच ऐकली आणि तिचा अर्थ असा लावला, की गाडीचं ऑईल आता मी बदलायचं नाही.

गाडी जुनी आहे. मीही आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले तेव्हा शाल आणि नारळ मिळाला, शिवाय कधी पुस्तक न्यायला न आलेल्या माणसांची माझ्या वाचनप्रेमावरची भाषणं. गाडी मात्र मी माझ्या पगारातून घेतली होती. एकदा एका गॅरेजात तिच्या पोटाखालचा ऑईल काढायचा नट इतका करकचून आवळून दिला, की तो पुन्हा सोडवताना माझा हात आठवडाभर दुखत होता. तेव्हापासून ऑईल घरीच.

पनवेलला राहणाऱ्या मुलाने फोनवर निकाल दिला.

"आई, गॅरेजला देत नसशील आणि स्वतःला जमत नसेल, तर गाडी विकून टाकू. कुठे जायचं झालं तर रिक्षा आहे की."

रेवस रस्त्यावरच्या आमच्या गावात रिक्षा आहे, हे खरं. ती भरल्याशिवाय हलत नाही, हेही खरं. अलिबागला कधी जायचं हे आणखी चार जणांना बाजारात कधी जावंसं वाटतं यावर ठरावं, हे मला मान्य नव्हतं.

शेजारच्या बंगल्यात शनिवार-रविवार एक निवृत्त साहेब येतात. त्यांच्या फाटकावरच्या पाटीवर नाव एका ओळीत आणि भूषवलेली पदं चार ओळींत आहेत. माझा प्रश्न कळताच ते हातपंप घेऊन आले. ऑईल मोजायच्या डिपस्टिकच्या भोकातून नळी आत सोडायची आणि ऑईल वरूनच ओढून घ्यायचं.

"वहिनी, परदेशात आता कुणी गाडीखाली शिरत नाही," ते पांढरे हातमोजे चढवत म्हणाले.

"तिकडे पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागत नसतील," आमचे हे पायरीवरून म्हणाले. "अंथरायला काय घेणार?"

साहेबांनी गार इंजिनावरच काम सुरू केलं. गार ऑईल काकवीसारखं घट्ट असतं, ते नळीत चढेना. थोडं आलं, मग नुसती हवा. पंप चांगला असेलही, पण तळाचा गाळ तळाशीच राहणार हे मला दिसत होतं. तरीही घाईने निकाल द्यायला नको, म्हणून मी स्वतः पंप धरला आणि बॉनेटवर ओणवी झाले. कमरेत अशी कळ आली, की आहे तिथेच थबकले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सुधारलेली पद्धत वाकून करायची होती. डॉक्टरांनी मना केलेली. आणि मागासलेली पद्धत उताणं झोपून करायची होती.

"साहेब, पंप घेऊन जा," मी म्हणाले. "मी डॉक्टरांचं ऐकणार आहे."

दुसऱ्या दिवशी रेवसच्या धक्क्यापर्यंत चक्कर मारून इंजिन गरम केलं. मोडीत निघालेल्या होडीच्या जाड फळ्या आमच्याकडे पडून असतात. त्या एकमेकींवर ठेवून त्यांचा चढ केला, पुढची चाकं त्यावर चढवली, मागच्या चाकांना दगडांची अडण दिली, हँडब्रेक ओढला. विहीर जवळ आहे, जमिनीवर एक थेंब नको, म्हणून खाली फ्लेक्स पसरला. एका पुढाऱ्याच्या गेल्या वाढदिवसाचा. भावी आमदार दोन्ही हात जोडून आभाळाकडे बघत होते. वाकावं लागू नये म्हणून मी आधी पायरीवर बसले, मग खाली बसले, मग यांचा हात धरून आडवी झाले आणि सरकत सरकत आत गेले.

"लागलं तर हाक मार," हे म्हणाले. "पाय धरून ओढीन. पण तुझी साडी फाटली तर माझ्यावर घेऊ नकोस."

"पंजाबी ड्रेस घातलाय. तुमचं लक्ष कधी असतं?"

घमेलं नटाखाली सरकवलं. पान्ह्याने नट ढिला केला, पुढचे आटे बोटांनी. शेवटच्या आट्याला हात बाजूला घेतला. काळी गरम धार घमेल्यात पडू लागली. बरोबर गाळही आला. पहिले काही थेंब मात्र भावी आमदारांच्या कपाळावर उडाले. धार बारीक होईपर्यंत मी तिथेच पडून राहिले. घाई नव्हती. कडक जमीन, उताणी पाठ, वर इंजिनाची ऊब. कमरेला इतका आराम आठवडाभरात मिळाला नव्हता.

नवा वॉशर, नट बेताने आवळलेला, नवा फिल्टर. मग गाडी सपाटीवर घेतली आणि वरून नवं ऑईल. ते ओतताना फनेल यांनी धरलं, कारण तिथे वाकावं लागतं. जुनं ऑईल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपासाठी बाजूला ठेवलं.

पुढच्या रविवारी मुलगा आला. अलिबागच्या एस.टी. स्टँडवर त्याला घ्यायला मीच गेले. घरी आल्यावर त्याने बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून बघितली. मग खाली वाकून नटाखाली बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

"डॉक्टरांना विचारलं होतंस?"

"त्यांचं ऐकूनच केलं."

तो यांच्याकडे बघू लागला. यांनी आपण फनेल धरल्याचं तेवढं सांगितलं.

संध्याकाळी परत निघताना त्याने हात पुढे केला. "चावी दे, स्टँडपर्यंत मी चालवतो."

"तू बस शेजारी," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.