डोंगराचे डोहाळे

मला सहावा महिना होता आणि मी नॉर्वेतल्या एका डोंगरावर, ओल्या दगडावर बसून उकडलेलं अंडं खात होते, तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. आईच्या हिशेबानं त्या वेळी मी घरात, सोफ्यावर पाय वर घेऊन बदाम चावत असायला हवं होतं. तिच्या जिवाला घोर नको म्हणून मी फोनमध्ये एक सोय करून ठेवली होती. कॉल घेतला की माझ्यामागं आपोआप आमच्या स्वयंपाकघराचा फोटो यायचा. ओटा, मिक्सर, फ्रीज, सगळं जागच्या जागी.

"कुठं हाईस?" आईनं विचारलं.

"घरात की. भात लावलाय."

"मग एवढा वारा कशाचा?"

"एक्झॉस्ट फॅन."

बसलाही असता तिचा विश्वास. पण त्या डोंगरावर मेंढ्या मोकाट चरतात आणि त्यातल्या एकीला माझ्याकडं खायला काय आहे ते बघायचं होतं. मला वाटायचं, हा फोन फक्त माणसाचं तोंड ओळखून दाखवत असेल. मेंढीचंही दाखवतो. माझ्यामागच्या फोटोत फ्रीजच्या दारातनं एक काळं तोंड सावकाश बाहेर आलं आणि बें करून ओरडलं.

आईनं बाबांना हाक मारली, "अहो, पळा पळा! हिच्या फ्रीजमधनं मेंढरू बघाय लागलंय!"

झालं, त्या मेंढीनं माझं बिंग फोडलं. सगळं कबूल करावं लागलं. मी दर सुट्टीला डोंगर चढते, जंगलातल्या तळ्यात पोहते, पाऊस पडत असला तर टोपी घालून पोहते. तिकडं गरोदर बाईला कुणी आजारी समजत नाही. मला तपासणारी सुईण पहिल्याच भेटीत म्हणाली होती, चालतेस ना? चाल. पोहतेस? पोह. दमलीस की थांब. एवढं सोपं कुणी मला आयुष्यात काही सांगितलं नव्हतं. पोटात बाळ हलत असताना गार पाण्यात पाठीवर पडून आभाळाकडं बघायचं, ह्यासारखं सुख नाही, खरं सांगते. पण आईला 'तळं' एवढंच ऐकू आलं. ती म्हणाली, "डोहाळजेवणाला ये. मग बोलू."

मी गेले. माझी चूक एवढीच की परतीचं तिकीट असलं म्हणजे परत जाता येतं असं मी धरून चालले होते.

आमचं घर शाहूपुरीत, खाली दुकानं आणि वर आम्ही. दुसऱ्याच दिवशी माझ्या पर्समधला पासपोर्ट गायब झाला. आईला विचारलं तर म्हणते, "मला काय ठाऊक? तुम्हा शिकलेल्यांच्या वस्तू." तिचा डाव मला लख्ख दिसत होता. पोट एका मापाच्या पुढं गेलं की विमानवाले चढू देत नाहीत. तेवढे दिवस मला गोडीगुलाबीनं अडकवून ठेवलं की बाळंतपण आपोआप कोल्हापुरात.

"पहिलं बाळंतपण माहेरातच. बास," आई म्हणाली.

"आई, माझा नवरा तिकडं हाय. त्याला बाळ जन्मताना बघायचंय."

"मोबाईलवर बघंल की. तू न्हाईस का मला स्वयंपाकघरातनं बघत हुतीस?"

मला संताप संताप झाला. नवरा तिकडं बाळाचा पाळणा जोडत बसलाय, रोज विचारतोय कधी येतेस, आणि मी इकडं खोलीतनं गॅलरीत आणि गॅलरीतनं खोलीत. जिना उतरायला निघाले की आई पुढं. "कुठं निघालीस?" "खाली." "खाली काय हाय?" आणि मला परत आणून बसवायची, माझ्या उजव्या बाजूला स्वतः बसायची आणि शेवयाची खीर पुढं करायची. ती कायम उजवीकडंच बसते, कारण माझा डावा कान लहानपणी सारखा वाहायचा. कापसाचे बोळे घालून मी शाळा केली आणि शेवटी तो कान कामातनं गेला. त्या बाजूनं कुणी लाऊडस्पीकर लावला तरी मला पत्ता लागत नाही.

असं चाललेलं असताना शेजारच्या काकू आल्या. काकूंचे गुडघे गेलेत, आवाज मात्र पंचगंगेच्या पलीकडं जाईल असा. त्यांनी दारातनंच विचारलं, "काय गं पोरी, डोहाळं कशाचं लागल्यात?"

मी आधीच तापले होते. म्हटलं, "डोंगराचे. डोंगर चढावासा वाटतोय."

मला वाटलं काकू हसतील. काकूंनी तोंडावर हात ठेवला. "आत्ता गं बया! डोंगराचं डोहाळं! मग पुरवाय पायजेत की. न्हाईतर बाळाचं कान फुटत्यात."

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिचा चेहरा पार उतरला. मला तेव्हा वाटलं, जिंकले! एवढे दिवस 'मला जायचंय' म्हणून घसा फोडला तर कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि तेच 'डोहाळे' म्हटल्यावर सगळी गल्ली कामाला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हळूहळू चढायला काही हरकत नाही. आई म्हणाली, "जायचं. पण डोहाळजेवण वरच करायचं, म्हणजे एकदाच काय ते उरकंल." पन्हाळा ठरला. वरपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, पण मी म्हटलं, डोहाळा पायवाटेचा आहे. काकूंनी लगेच मान डोलावली. डोहाळ्याला शंका विचारायची नसते.

बाबा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. ते कमी बोलतात आणि जे वाटतं ते वेल्डिंग करून दाखवतात. पन्हाळ्याच्या पायथ्याला आम्ही उतरलो तर टेम्पोतनं त्यांनी एक खुर्ची काढली. लोखंडी, हातांची, खाली दोन लांब पाईप जोडलेले, पुढं दोघांनी आणि मागं दोघांनी खांद्यावर घ्यायचे. उचलायला फौंड्रीतले चार गडी. वर छत्रीसुद्धा वेल्ड केली होती.

"बस," बाबा म्हणाले.

"मी न्हाय बसणार!"

"मग केलीय कशाला?"

खुर्ची वाया जाऊ नये म्हणून काकू बसल्या. आणि आमची वरात निघाली. पुढं मी, हिरवी साडी, निशिगंधाच्या कळ्यांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, पायात नॉर्वेत घेतलेले चिखलाचे बूट. मागं आई, भाताचं पातेलं डोक्यावर. तिच्यामागं गल्लीतल्या बायका. सगळ्यांच्या शेवटी खांद्यावरनं काकू, उरलेले हार गळ्यात घालून, छत्रीखाली ताठ बसलेल्या. वरनं उतरणारा एक म्हातारा हे बघून बाजूला झाला, टोपी काढली, चपला काढल्या आणि हात जोडून बाबांना म्हणाला, "पावणं, देवी कुठली ओ?"

"शाहूपुरीची," बाबा म्हणाले.

काकूंनी हात वर करून त्याला आशीर्वाद दिला. काय करणार, माणूस खाली वाकलेला.

मी मधेमधे थांबत होते, पाणी पीत होते, आणि इतक्या दिवसांनी पायाखाली माती आली म्हणून इतकी खूश होते की काकूंनी आकाशवाणी केली असती तरी मला चाललं असतं. वर पोहोचल्यावर झाडाखाली सतरंजी टाकली. ओटी भरली. मग झाकलेल्या दोन वाट्या पुढं आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या बायका माझ्या हाताकडं बघत होत्या, म्हणून झाडाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी वाटीला हात लावायच्या आत वरनं माकड उतरलं. त्यानं पहिली वाटी उघडली, पेढा खाल्ला. दुसरी उघडली, बर्फी खाल्ली. आणि माझ्या मुकुटातली एक कळी उपटून निघून गेलं.

काकू खुर्चीवरनं ओरडल्या, "जुळं!"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. एकटी आई हसत नव्हती. ती बाजूला तटाच्या दगडावर जाऊन बसली होती. मी तिच्याजवळ गेले. एवढं पातेलं डोक्यावर घेऊन ती चढली होती आणि तिला धापसुद्धा लागली नव्हती.

"तू दमली न्हाईस?"

"मी कशाला दमतोय?" आई म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'जातो, येतो'च म्हणतात. मग ती उजवीकडं सरकून बसली आणि म्हणाली, "तुझा कान माझ्यामुळं गेला."

"तुझ्यामुळं? ते कसं?"

"तुझ्या वेळंला मला एकच डोहाळा हुता. आमच्या मळ्यातल्या विहिरीत मुटका मारायचा."

आईचं माहेर कागलजवळ. तिथल्या विहिरीत ती पोरांच्या बरोबरीनं पोहायची, हे मला मामाकडनं ऐकून माहीत होतं. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन, अंग गोळा करून, काठावरनं धप्पकन उडी.

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? पोटुशी सून सासूला म्हणतीया, मला विहिरीत उडी मारावीशी वाटतीय. काय समजलं असतं घर? त्याच पावली माझ्या आईबापाला बोलावून घेतलं असतं. तुझ्या बाबाला लोकांनी धरलं असतं."

"मग काय सांगितलंस?"

"चिंच," आई म्हणाली. "सगळ्या म्हणत्यात तीच. तुझ्या आजीनं पोतंभर आणली. मला चिंच आवडत न्हाय गं. बाळंत होईस्तोवर खाल्ली. दात आंबलं, आणि डोहाळा तसाच राहिला. मग तुझा कान वाहाय लागला."

"आई, ते इन्फेक्शन होतं."

"व्हय, डॉक्टर बी त्येच म्हणत हुता." तिनं पदरानं डोळे पुसले. "तिकडं लांब तुला कायतरी वाटंल आणि कुणाला सांगता यायचं न्हाय. म्हणून म्हटलं, हितंच ऱ्हाऊदे. डोळ्यासमोर."

मला रडू आलं. आणि रागही आला. आजीवर, चिंचेवर, त्या लोकांवर ज्यांना बाईच्या तोंडून 'विहीर' आली की एकच गोष्ट कळते. माझ्या प्रत्येक कानदुखीत ही बाई उशाशी बसून गप्प राहिली होती. मी डोळे पुसले, उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काकू, मला आणखी एक डोहाळा लागलाय. आईला विहिरीत मुटका मारताना बघायचंय."

"हिला खूळ लागलंय!" आई ओरडली.

पण काकूंनी वरनं निवाडा दिला, "डोहाळा म्हंजे डोहाळा. बाळाचं कान हाईत." आई स्वतःच्याच नियमात सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कागलला. विहिरीला आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत, त्यातल्या खालच्या पायरीवर मी पाण्यात पाय सोडून बसले. बाबांनी पन्हाळ्याची खुर्ची बरोबर आणली होती, का ते कुणी विचारलं नाही. मामानं खबरदारी म्हणून ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यात सोडली. आई काठावर कासोटा घालून उभी राहिली. म्हणाली, "तिकडं पाठ करा सगळ्यांनी." बाबांनी आणि मामानं पाठ केली, मी नाही केली.

"आई, जमत नसेल तर असूदे," मी म्हटलं. एकदम भीती वाटली मला. साठीची बाई.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नाक धरलं, गुडघे गोळा केले आणि गेली. असा आवाज झाला की मळ्यातले सगळे कावळे उडाले. पाणी माझ्या डोक्यावरनं गेलं. मग पाणी शांत झालं आणि आई वर येईना. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात विहिरीच्या मधोमध ती पाणी फोडून वर आली, अंबाडा सुटलेला, आणि हसायला लागली. तसं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. कुणातरी शाळेतल्या पोरीचं हसणं होतं ते. मग पाठीवर पडून ती आभाळाकडं बघत राहिली, अगदी मी तळ्यात पडते तशी.

पोहून झाल्यावर ती पायऱ्यांशी आली आणि निथळत माझ्याशेजारी बसली. डावीकडं. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून ती काहीतरी बोलली. गार श्वास लागला, पण शब्द एक नाही.

"काय म्हणालीस?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "न्हाय झाला की गं बरा," ती म्हणाली. "म्हटलं बघावं."

मग उठली, साडी पिळत माझ्या उजवीकडं येऊन बसली.

"पण म्हणालीस काय?"

"पासपोर्ट तांदळाच्या डब्यात हाय म्हटलं."