व्याह्यांची दुधावरची पाळत

अख्ख्या बीड जिल्ह्यात दुधावर माझ्या व्याह्यांइतका संशय घेणारा माणूस सापडायचा नाही. आणि तेलगावातलं निम्मं गाव त्यांच्याच म्हशींचं दूध पितं. लोक दुधात पाणी आहे का बघतात, आमचे व्याही बिस्किटात, फरसाणात, सुपाच्या पुडीत दूध आहे का बघतात.

पूर्वी हे असे नव्हते. माझी लेक त्यांच्या घरी दिली तेव्हा पाहुण्याला पेलाभर दूध पाजल्याशिवाय उंबरा ओलांडू न देणारा हा गृहस्थ होता. मग सई झाली, आमची दोघांची नात. वरचं दूध दिलं की तिच्या अंगावर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी दुधाची ॲलर्जी सांगितली तेव्हा व्याही म्हणाले, "आमच्या घरच्या लेकराला दूध बाधतंय? डॉक्टर, पुन्हा बघा." पुन्हा बघितलं, तेच निघालं.

तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला व्याह्यांनी मोठ्या हौसेनं केक आणला. केकात दूध नाही आणि क्रीमही बिनदुधाची, हे बेकरीवाल्याकडून वदवून घेतलं होतं. दोन घास पोटात गेले आणि सईचे ओठ सुजले, श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. व्याही मात्र सावरले नाहीत. दुसऱ्याच दिवशी बेकरीतला क्रीमचा रिकामा डबा घेऊन ते डॉक्टरांपुढे उभे राहिले. डब्यावर पुढं ठळक 'नॉन डेअरी', मागं मुंगीएवढ्या अक्षरांत 'सोडियम केसिनेट'. डॉक्टर म्हणाले, "हे दुधातलंच प्रथिन."

"मग बिनदुधाचं कावून लिवलं बे?" व्याही कडाडले. समोर डॉक्टर आहेत हे ध्यानात आल्यावर त्यांनी 'बे'पुरती माफी मागितली, बाकी प्रश्न तसाच ठेवला.

त्या दिवसापासून हा माणूस एका जागी बसलेला मी पाहिलेला नाही. लग्नात मांडवात शिरले की नवरानवरीकडं न बघता थेट आचाऱ्याकडं जातात आणि तेलातुपाचे डबे उलटेपालटे करतात. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर यंत्रातला चहा आला, तर हे पार गल्ल्यामागं जाऊन पुडी मागू लागले. मालक वैतागून म्हणाला, "काका, दूध न्हाईच ह्याच्यात, निस्ती पावडर हाय." व्याह्यांनी पुडी वाचली, केसिनेटवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा, बसलंय लपून." सई त्या दिवशी सोबत नव्हतीच. चहा आम्हा दोघांसाठी होता, तो गार झाला. एसटीत तर शेजारच्या अनोळखी बाईच्या हातातला पुडाच यांनी मागून घेतला. वाचून झाल्यावर विचारलं, "ताई, तुमाला दूध सोसतं ना?" ती घाबरून 'हो' म्हणाली. "मग खा बिनघोर," म्हणून पुडा परत केला. आता सिरसाळ्याच्या बाजारातले दुकानदार यांना लांबून बघूनच चष्मा पुढं करतात. धार काढल्यावर आंघोळ करून सदरा बदलल्याशिवाय हे नातीला उचलत नाहीत. थंडीत दोनदोनदा आंघोळी होतात, शिंका येतात, पण नेम मोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं गेलो होतो. आम्ही ओसरीवर बसलो होतो, म्हणजे मी बसलो होतो, ते येरझाऱ्या घालत होते. सई आता शाळेत जाते. तिनं अचानक विचारलं, "आबा, दूध कसं लागतं?"

व्याही थबकले. "काय न्हाई माय, पाण्यावानीच."

"मग सगळे कावून पितेत?"

पाणी तापलं का बघतो असं पुटपुटत ते आत गेले. सई खेळायला पळाल्यावर परत आले आणि बऱ्याच वेळानं माझ्या शेजारी टेकले.

"इवाई, पोरगा म्हणतोय म्हशी इकून टाका. डॉक्टर म्हणतेत, काही लेकरांना मोठेपणी सोसतं. हिला सोसंल का?"

"काय सांगावं," मी म्हणालो.

"तवर न्हाई इकत. एकदा आपल्या घरचं दूध पिऊ द्या तिला. घोटभरच. मंग खुशाल इकीन."

एवढं बोलून ते सई गेली त्या दाराकडं बघत राहिले. तेवढा वेळ मात्र ते उठले नाहीत.