आरसेकाकांची बस अडखळते

"तुझं ते डबडं आधी इथून उचल," मामी फोनवर म्हणाली. "नाहीतर मी भंगारवाल्याला देऊन टाकते. मग म्हणू नकोस, सांगितलं नाही."

डबडं म्हणजे माझा कॉम्प्युटर. कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन घेऊन घेतलेला, गेम खेळायचा कॉम्प्युटर. स्वस्तातलाच होता, पण तेव्हा मी त्याच्या जोरावर चारचौघांत मिरवले होते. नवा लॅपटॉप आल्यावर तो मी मामाला दिला. सोबत टेबलाला आवळून बसवायचं स्टीअरिंग आणि बस चालवायचा एक गेम. मामा शाळेची बस चालवतो. दिवसभर बस हाकून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा बसच हाकेल, असं कोणाला वाटलं असतं? पण लागली गोडी.

"एवढं झालं तरी काय?" मी विचारलं.

"कंबर धरली म्हणून रजा टाकलीय तुझ्या मामाने. आणि कंबर धरलेला माणूस सकाळपासून खुर्चीत ताठ बसून खेळतोय! हाक मारली तर ऐकू येत नाही. या वयात हे व्यसन. आणून कोणी दिलं? तू!"

आता मला सांगा, माझा काय दोष? पण मामीपुढे वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी तणतणत निघाले. मामाला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच निघाले.

मामाला शाळेतली मुलं आरसेकाका म्हणतात. बसला मुळातले आरसे होतेच, त्यात याने आपल्या पदरचे आणखी लावले. एक डोक्यावर, बाकं दिसायला. एक दाराच्या खाली, चढणाऱ्या-उतरणाऱ्या चिमुरड्यांचे पाय दिसायला. मागच्या बाकावर कोणी कोणाची वेणी ओढली, की पुढून मान न वळवता आवाज येतो, "सोड तिला." मुलांना वाटतं, काकांना पाठीला डोळे आहेत. सवय इतकी हाडीमासी खिळलेली, की पायी बाजारात निघाला तरी दुकानाच्या काचेत मागचा रस्ता बघून घेतो. इतक्या वर्षांत बसला साधा ओरखडा नाही. त्याचा त्याला गर्व आहे, आणि तो गर्व तो लपवतही नाही.

मी पोचले तेव्हा स्वारी जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. स्टीअरिंग दोन्ही हातांत, बनियन घामाने ओलं. पडद्यावरची बस रिकाम्या चौकात लाल दिव्यापाशी थांबली होती. चिटपाखरू नव्हतं चौकात, तरी हा थांबला होता. मामी ओट्यापाशी मुद्दाम भांडी आपटत होती.

"मामा, हे काय चाललंय? मामी मला बोलतेय. उठ बघू," मी म्हटलं आणि त्याला जवळजवळ ढकलूनच खुर्चीत बसले. "बघू तरी असं काय आहे त्यात."

आणि सोडली बस सुसाट. मी गाडी चालवते ती अशीच, दिवा लाल असो की हिरवा. पूल ओलांडून बाजारपेठेत शिरले आणि खट्कन रस्ता थांबला. पुन्हा सुरू झाला तोवर बस पुढच्या दुकानापाशी. मधला तुकडा गायब. थोडं पुढे गेले, पुन्हा तेच.

"शी! किती अडखळतंय हे!"

 वळून बघितलं तर मामा भिंतीला हात टेकून उभा. चेहरा असा, की मी खुर्चीतून उठलेच.

"तुला दिसलं?" त्याने विचारलं. "रस्ता तुटलेला? तुलाही दिसला?"

"दिसणार नाही तर काय! आंधळी आहे का मी?"

मामा खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामीने भांडी आपटायची थांबवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामाच्या शाळेत दुसरी बस चालवणारा त्याचा जुना जोडीदार होता. मध्यंतरी त्याची बस भर दुपारी फुटपाथवर चढली. नशिबाने मुलं उतरून गेली होती, रस्ताही मोकळा होता. तो नंतर मामाला म्हणाला होता, "काय झालं कळलंच नाही रे. रस्त्याचा एक तुकडाच दिसला नाही मला." त्यानंतर एका संध्याकाळी मामाला पडद्यावर रस्त्याचा तुकडा दिसेनासा झाला. मग रोजच होऊ लागलं. त्याने कोणाला न सांगता डोळे तपासले, डोकं तपासलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात. याचा विश्वास बसेना, कारण जोडीदारालाही डॉक्टरांनी आधी तेच सांगितलं होतं, आणि दुखणं मग निघालं होतं. म्हणून कंबरेची सबब सांगून रजा घेतली आणि स्वतःची परीक्षा बघत बसला.

"उद्याच शाळेत जाऊन सांगणार होतो, की दुसरा माणूस बघा," मामा म्हणाला. "लोकांची लेकरं असतात गं मागे. एखादं दारापाशी उभं असेल आणि नेमका तेवढाच तुकडा मला दिसला नाही तर?"

"अरे पण मशीन बिघडलं असेल, असं नाही आलं मनात?"

"मशीन कसं चुकेल? माणूस चुकतो."

मी कपाळाला हात लावला. लोक नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखर वाकडं होतं आणि हा बाबा आपल्याच पायांना दोष देत बसला होता.

मामी मात्र भडकली. "मला सांगता येत नव्हतं? एवढं मनात घेऊन बसलात, आणि मी येता-जाता टोमणे मारतेय! मला पाप लागलं ना!" तिचे डोळे भरले होते आणि हातातली कालथी ती मामावर रोखून उभी होती.

कॉम्प्युटर उघडायचं काम मी अंगावर घेतलं. माझंच पाप होतं ते. झाकण काढलं तर आत धुळीची गादी. मामीने रंगकामाचा ब्रश आणून पंखे साफ केले, नाकाला पदर लावून. मामाला मी रोग समजावून सांगितला. गेममध्ये पुढचा रस्ता आधी आतून काढून आणावा लागतो. जुनी हार्ड डिस्क म्हणजे माळ्यावरचं सामान. गिऱ्हाईक दारात उभं आणि शेठ शिडी लावतोय. त्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची चपळ डिस्क, बसवली की सामान हाताशी येतं. आणि रॅम म्हणजे समोरचा ओटा. आपला ओटा वीतभर, म्हणून तोही जरा वाढवायचा.

"मग अडखळणं जाईल?"

"जाईल म्हणजे! पळेल."

जुने पार्ट विकणाऱ्या ओळखीच्या दुकानातून दोन्ही वस्तू आणल्या, बसवल्या, गेम नव्याने टाकला. मी बस घेतली आणि पुलावरून, बाजारपेठेतून, स्टेशनापर्यंत भरधाव नेली. एकदाही अडखळली नाही. लोण्यासारखी गेली. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले आणि मामाला म्हटलं, "बस आता. तुझीच बस."

मामीने चहा टाकला होता. मी कपात साखर ढवळत होते, तेवढ्यात मामाचा आवाज आला. "झालं आत्ता."

"काय झालं?"

"तुटला रस्ता. वळणावर."

मी धावत गेले. पुन्हा स्वतः चालवून बघितलं, त्याच वळणावरून दोनदा. काही नाही. मामाने घेतली, जरा पुढे गेला, आणि हळूच स्टीअरिंग सोडलं.

"तुझ्या हातात नीट चालते," तो म्हणाला. "माझ्याच हातात तुटते. म्हणजे मीच."

किती शांतपणे म्हणाला! मगाशी फुशारकी मारली होती ना, पळेल म्हणून. आता उगाच मागच्या वायरी दाबून बघत होते. खरंच मामाच असेल तर? मामी चहाचे कप हातात घेऊन तशीच दारात उभी राहिली.

मामा उठायला लागला. "बरं झालं, कळलं ते. राहू दे आता."

"बसा खाली," मामी म्हणाली. तिने कप ठेवले. "चालवा पुन्हा. आम्ही दोघी मागे उभ्या राहतो. तुमच्या डोळ्यांना काय होतंय ते आमच्या डोळ्यांना दिसू दे."

मामा नाही-नाही म्हणत होता, पण मामीचा तो सूर त्याला ओळखीचा होता. बसला. आम्ही दोघी त्याच्या खांद्यांमागे. बस निघाली. आस्ते, दिवा देऊन, झेब्रा पट्ट्यांपाशी थांबून. मला तर जांभई यायला लागली. वळण आलं. मामाचा अंगठा स्टीअरिंगवरच्या एका बटणावर गेला आणि खट्!

"तुटला!" मी आणि मामी एकदमच ओरडलो. मामीने तर मामाचा खांदा असा आवळला की तो कळवळला.

"मामा, ते बटण कसलं?"

"कसलं म्हणजे? आरशाचं. वळायच्या आधी आरसे नको बघायला?"

मी खो खो हसत सुटले. हसता हसता माझे डोळे वाहायला लागले. आरशात मागचा अख्खा रस्ता दिसायचा म्हणजे कॉम्प्युटरला एकाच वेळी दोन दोन रस्ते रंगवायचे. माझ्या त्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला एक रंगवतानाच धाप लागायची. आणि मी? मी तो गेम वर्षभर खेळले होते, पण आरशाचं बटण कुठे असतं हे मला ठाऊकच नव्हतं!

"तू आरसा न बघता गाडी चालवतेस?" मामाने विचारलं. आपण बरे आहोत याचा आनंद बाजूलाच राहिला, त्याला माझाच धक्का बसला होता. "स्कूटरपण?"

मी विषय बदलला. म्हटलं, सोपं आहे, सेटिंगमध्ये आरसे बंद करून टाकू, एक पैसा खर्च नाही.

"आरसे बंद?" मामा म्हणाला. "त्यापेक्षा कॉम्प्युटरच बंद कर."

मग काय, पुन्हा दुकान. दुकानदाराने जरा मोठं, वापरलेलं ग्राफिक्स कार्ड दाखवलं. आपल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला ते झेपेल ना, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, त्याने कंटाळून मान डोलवली. मामाने कार्ड हातात धरून उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "यात किती आरसे बसतील?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भरपूर.

घरी आलो, कार्ड बसवलं. मामा खुर्चीत बसला.  बस निघाली, पूल गेला, वळण आलं. मामाने दिवा दिला, आरसे उघडले. मागचा रस्ता आरशात झुळझुळ वाहत होता, पुढचा पुढे. डावा आरसा, उजवा आरसा, पुन्हा डावा. बाजारपेठ गेली, स्टेशन आलं. कुठे खट् नाही की खुट् नाही. मामाने बस थांब्याला नीट टेकवली, ब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले. 

मग उठला. खुंटीवरची बसची किल्ली काढली आणि चपला घालायला लागला.

"आता कुठे?" मामीने विचारलं.

"बस धुऊन येतो. माझ्या रजेत मुलं दुसऱ्या बसने गेली, ही उभी राहून धूळ बसलीय. सकाळी मुलं यायची."

आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहिलो. खाली आवारात शाळेची पिवळी बस उभी होती. मामाने बादली खाली ठेवली, फडकं पिळलं आणि आधी आरसेच पुसायला घेतले. बाहेरचा मोठा आरसा पुसला, जरा वाकवला, पुन्हा पुसला. आमच्याकडे त्याची पाठ होती.

"तुझं ते डबडं राहू दे हो इथेच," मामी माझ्याकडे न बघता म्हणाली.

तेवढ्यात मामाने, मान जराही न वळवता, फडक्यासकट हात वर केला आणि आम्हाला हलवून दाखवला.

मामीने पदराने तोंड दाबलं. "दिसतंय गं यांना," ती म्हणाली. "सगळं दिसतंय."