गगनगरुडाच्या बुटाला कुंकू

लग्न जमायच्या बेतात असताना मुलीच्या वडिलांना सिनेमाला नेऊ नये. हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा बेळगावचा, बेंगळूरला पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर. स्थळं यायची, मला बघायची, "कळवतो" म्हणायची आणि कळवायची नाहीत. अशात चिकपेटेतल्या एका मराठी घरातून बोलावणं आलं. कापडाचं जुनं दुकान, घरात मराठीच, पण तिला कन्नडची सढळ फोडणी. मुलीचं नाव सुनंदा. तिनं उप्पीट आणि केसरीभाताची बशी पुढं ठेवली आणि माझ्याकडं बघून एकदाच हसली. हिनं नकार दिला तर आपलं काही खरं नाही, अशी सरळ भीतीच वाटली मला.

समोर तिचे वडील बसले होते. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. कापडाचे तागे उचलून उचलून हात असे झालेले की माझ्यासारखा माणूस त्यांनी सहज फडताळात वर ठेवला असता!

"तुमचा आदर्श कोण?" त्यांनी विचारलं.

घाबरलेला माणूस खरं बोलून जातो. "गगनगरुड!" मी म्हणालो.

गगनगरुड म्हणजे मी लहानपणी तंबूतल्या टॉकीजमध्ये पाठ होईपर्यंत पाहिलेल्या हिंदी सिनेमातला उडणारा वीर. निळा घट्ट पोशाख, पाठीवर लाल झूल, झुबकेदार मिशा. (झूल मीही केली होती, आईच्या पडद्याची. माळ्यावरून उडालोही होतो. डावा हात थंडीत अजून दुखतो.) आणि उडण्याआधी तो आईच्या पाया पडणार म्हणजे पडणारच.

"कुठलंही संकट आलं की मी विचार करतो, गगनगरुडानं काय केलं असतं? आणि तेच करतो," मी अण्णांना छातीठोकपणे सांगितलं.

"आईच्या पाया पडतो? मग चांगल्या घरचा दिसतोय," अण्णांची आई म्हणाली. तिला घरात अज्जी म्हणायचे. अज्जीला हिंदीचा गंध नव्हता, पण घरातला शेवटचा शब्द तिचाच.

आणि योग बघा, त्याच शुक्रवारी नवा गगनगरुड लागत होता! तीच गोष्ट पहिल्यापासून, नवे नट घेऊन, नव्या थाटात. मला आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. लहानपणीच्या देवाला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नाही.

"सगळेच जाऊ," अण्णा म्हणाले. "माणूस कळायचा तर आधी त्याचा देव बघावा."

शुक्रवारी आम्ही मॅजेस्टिकजवळच्या थिएटरसमोर उतरलो. बेंगळूरचा पहिल्या दिवसाचा पहिला खेळ म्हणजे जत्राच! ढोल, फटाके आणि दारात दोन मजले उंच दोन कटआउट. एक निळा, हसरा, लाल झूलवाला. दुसरा काळाकुट्ट, तोंड झाकलेला, डोळे निखाऱ्यासारखे. मला तर त्या काळ्याकडं मान वर करून बघवेना.

"ह्यातला तुमचा कुठला?" अण्णांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? निळा! काळा तो राक्षस."

मी येताना शेवंतीचा मोठा हार आणला होता. अण्णांनी स्वतः शिडी धरली. हार निळ्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचला, तो तिथंच अडकवला, नारळ फोडला. अज्जीनं कनवटीची पुडी सोडून निळ्याच्या बुटाला कुंकू लावलं आणि काळ्याकडं वळून कडाकडा बोटं मोडली. आजूबाजूची पोरं आमच्याकडं टकामका बघत होती. मला वाटलं, भक्तीचं कौतुक चाललंय.

आत बसताना अण्णांनी जागा वाटल्या. सुनंदा पार पलीकडच्या टोकाला, मग अज्जी, मग मी, माझ्या उजव्या हाताला स्वतः अण्णा. अज्जीला गोष्ट समजावून सांगायचं काम अर्थातच माझ्याकडं.

सुरुवातीलाच अंधारात कुणीतरी किंचाळलं आणि मी अण्णांचा दंड धरला. (सोडायचं बराच वेळ लक्षात आलं नाही.) मग निळा आला. त्यानं बँक फोडली.

"हे काय रे?" अज्जीनं विचारलं.

"गरिबांना वाटायला नेतोय."

मग त्यानं शाळेची बस पोरांसकट उचलून पळवली.

"सहल," मी म्हणालो.

मग त्यानं एका म्हाताऱ्या मास्तरांचं घर पेटवलं. मागच्या रांगेतून शिव्या सुरू झाल्या. मला घाम फुटला. "हा डाव आहे, अज्जी. शत्रूला गाफील ठेवतोय!"  अण्णा पडद्याकडं बघायचे आणि मग सावकाश माझ्याकडं. मला तेवढ्यानंच थंडी वाजू लागली.

मध्यंतरात अण्णा कॉफी आणायला गेले, तेव्हा सुनंदा जवळ आली. आमचं एकमेकांशी हे पहिलंच बोलणं!

"एक सांगू? काळा आहे ना, तोच गगनगरुड. निळा तोतया आहे."

"शक्यच नाही!"

"सुरुवातीलाच दाखवलं की. तुम्ही तेव्हा अज्जीला जुन्या मिशांचं सांगत होता."

"अहो, पण पोशाख बघा ना!"

"पोशाख काय, कुणीही शिवतो. आमचं कापडाचं दुकान आहे," ती शांतपणे म्हणाली. "आता स्वल्प गप्प बसा. पुढं काही समजावू नका."

मी गप्प बसायचं ठरवलं. पण मन मानेना. इतक्या वर्षांची भक्ती एका मध्यंतरात कशी सोडायची? शेवटाला निळा गगनगरुडाच्या आईसमोर गच्चीवर उभा राहिला. सारं थिएटर श्वास रोखून बसलं. अज्जीनं माझं मनगट धरलं, "आता काय करतो रे?"

माझा बांध फुटला. मी मोठ्यानं म्हणालो, "आता बघा, अज्जी! आता वाकून पाया पडणार!"

तो वाकला. त्यानं आईचे दोन्ही पाय धरले आणि तिला गच्चीवरून खाली भिरकावलं!

काळ्यानं झेप घेऊन तिला अधांतरी झेललं, तोंडावरचं फडकं काढलं, आणि आत त्याच झुबकेदार मिशा! थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. त्या गोंगाटात अण्णांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"आणि तुम्ही," ते कानाशी म्हणाले, "तेच करता?"

 सुनंदा हातची गेली, हे मला तिथंच कळलं आणि खरंच रडू आलं.

बाहेर आणखी वाढून ठेवलं होतं. सिनेमा बघून पेटलेली पोरं निळ्या कटआउटभोवती जमली होती. "ह्या चोराला हार कुणी घातला?" असं कन्नडमध्ये दरडावून विचारत होती.  अज्जीनं कुंकवाचं बोट पदरात लपवलं. अण्णा मात्र पुढं झाले आणि "गोत्तिल्ला, म्हायत नाही" असं दोन्ही भाषांत सांगून मला बखोटीला धरून हॉटेलात घेऊन गेले.

कॉफी आली.  मी निकालाची वाट बघत बशीतली माशी हाकलत होतो.

"अम्मा, काय करायचं?" अण्णांनी विचारलं. "ह्यांना माणूसच ओळखता येत नाही."

"मग बरंच की!" अज्जी म्हणाली. "अख्खा सिनेमा डोळ्यांसमोर चोऱ्या बघूनसुद्धा ज्यानं आपल्या माणसाला चांगलंच म्हटलं, तो आपल्या पोरीत काय खोट काढणार? असा जावई शोधून मिळत नाही. सरी, ठीक आहे, देऊन टाक!"

सुनंदा पदराआड हसली. अण्णांनी माझ्यासाठी आणखी एक कॉफी सांगितली.

लग्न झालं, संसार झाला. पण तेव्हापासून कुठलंही संकट आलं की मी विचार करतो, सुनंदानं काय केलं असतं? आणि तिचं ते करून होईपर्यंत गप्प बसतो.