दौंडच्या शेडमधली काचेची धूळ

आमच्या घरात पुस्तकं फारशी नव्हती, पत्रकं होती. आई शिरूरला मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथून धर्माची पत्रकं यायची. दौंडचे मामा रेल्वेच्या कामगारांकडून मागण्यांची आणि सभांची पत्रकं आणायचे. अक्षरओळख मला याच कागदांवर झाली. एकात लिहिलेलं असायचं, पश्चात्ताप करा. दुसऱ्यात असायचं, एक व्हा. मला दोन्ही पटायचं. छापलेलं वाचून माणूस उठतो आणि माणूस उठला की अन्याय मागं सरतो, असं मी अगदी मनापासून मानत होते. आता मानत नाही. का मानत नाही, ते लिहिते आहे.

मॅट्रिक झाल्यावर मी मामांकडे दौंडला राहायला आले. मामा भीमेच्या उतारावर नाव चालवायचे. पलीकडच्या गावांना एस.टी. सुरू झाली आणि नावेत बसायला माणूस मिळेना. नाव दोन वर्षं काठावर पालथी पडली, मग तिच्या फळ्या कोणीतरी चुलीला नेल्या. त्याच सुमारास पुण्याच्या एका शेठनं नदीच्या वाटेवर पत्र्याची शेड घातली. तिथं काचेच्या होड्या होणार होत्या. गावाला हसू आलं. काचेची होडी म्हणजे बाटलीसारखी फुटणार, असं लोक म्हणत.

काच म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड. साच्यात ते अंथरायचं, वर राळेसारखं चिकट औषध फासायचं, पुन्हा कापड, पुन्हा औषध. वाळल्यावर होडी दगडासारखी टणक व्हायची आणि दोन माणसांनी उचलावी इतकी हलकी. पुरात अडकलेली माणसं काढण्यासाठी सरकारला अशा सहा होड्या हव्या होत्या. मी आणि आणखी चार बायका कापड कापायचो. मामांना घासायच्या कामावर घेतलं. होडीच्या पोटावरून तळवा फिरवला की कुठं उंचवटा आहे, कुठं खड्डा, ते त्यांना डोळे मिटून कळायचं. शेठनं त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं की होड्या सरकारच्या ताब्यात गेल्या की त्यांच्यावर नावाडी लागेल, आणि नावाडी म्हणून तुमचंच नाव देईन. मामा त्या एका शब्दावर जगत होते. पुन्हा पाण्यावर जायचं होतं त्यांना. दुसरं काहीही नको होतं.

घासण्याचं मशीन फिरायला लागलं की शेडमध्ये पांढरी धूळ उठायची. पिठासारखी दिसायची, पण पीठ अंगाला चावत नाही. ही कोपराच्या आतल्या बाजूला, मानेला, पापण्यांना टोचत राहायची. घासणाऱ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. तोंडाला पंचा बांधायचा, तो घामानं भिजायचा, मग श्वास घेता यावा म्हणून तो गळ्यात ओढायचा. आणि काम सुटताना प्रत्येकाला शेठच्या मुकादमाकडून गुळाचा खडा मिळायचा.

गूळ कोणी सुरू केला, कोणालाच माहीत नव्हतं. पिठाच्या गिरणीत, चुन्याच्या भट्टीवर, सिमेंटच्या गोदामात आमच्याकडं हेच करतात. गुळाला धूळ चिकटते आणि पोटात उतरते, छाती मोकळी होते, असं सगळे मानतात. खडा तोंडात घातला की माणसं निवांत व्हायची. दिवसभराची धूळ फिटली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

औषधाच्या पिंपांबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. छापलेलं काही दिसलं की मला राहवत नाही. डिक्शनरी घेऊन मी ती आठवडाभर वाचली. त्यात एक पान धुळीचं होतं. शक्य तिथं पाण्याचा पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिशपेपर, वापरून ओलं घासा, म्हणजे धूळ उडणार नाही. मशीन चालतं तिथूनच पंख्यानं धूळ ओढून बाहेर टाका. नाकातोंडावर नीट बसणारा मुखवटा लावा. गुळाचा उल्लेख कुठंच नव्हता. मी ते पान शेठला दाखवलं. त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं. ओलं घासलं तर होडी वाळायला एक दिवस जातो, पुढचा थर देता येत नाही, आणि सरकारची मुदत आहे, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. माझ्या इंग्रजीचं कौतुकही केलं.

मी पत्रक लिहिलं. कार्बन लावून पाच प्रती काढल्या. मागणी पहिली, ओढपंखा. दुसरी, पाण्याचा पेपर. तिसरी, मुखवटे. जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. शाळेत पाहिलेलं चित्र जमिनीवर काढून सांगितलं की अन्नाची नळी वेगळी आणि श्वासाची वेगळी; गूळ एकीनं जातो, धूळ दुसरीनं. माझ्या शेजारी कापड कापणाऱ्या मावशी चित्राकडं बघत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्या या चित्राला खोकला येतो का?" सगळे हसले. मीही हसले, पण सही कोणी केली नाही. पंखा म्हणजे शेठशी वैर, आणि गुळानं चाललंय की, असंच जो तो म्हणत होता.

मामांनी मला बाजूला घेतलं. त्यांना तेव्हा बोलताना मधेच थांबावं लागायचं.

"पोरी, आदी गूळ लिही. एक खडा पुरत न्हाई म्हून लिही, दोन पायजेत. मग समदे आंगठा देतील. पंखा खाली लिही, त्यो त्यासंगट जाईल."

"पण मामा, गुळानं काही होत नाही."

"तुला म्हाईत, मला म्हाईत. त्यांना आंगठा द्यायचाय ना?"

मला हे डावपेच म्हणून शहाणपणाचं वाटलं. रेल्वेच्या पत्रकांतही मी वाचलं होतं की लोक जिथं उभे आहेत तिथून सुरुवात करावी. जुन्या तिन्ही मागण्या खाली सरकवून मी सगळ्यांत वर लिहिलं, कामगारांना रोज दुप्पट गूळ मिळालाच पाहिजे. मागण्या चार झाल्या. संध्याकाळपर्यंत कागद अंगठ्यांनी भरला. माझ्या आयुष्यातली ती पहिली विजयी संध्याकाळ होती.

शेठनं कागद उभ्या उभ्या वाचला आणि पहिली मागणी तिथल्या तिथं मान्य केली. दुसऱ्या दिवशी केडगावकडची गुळाची अख्खी ढेप शेडमध्ये आली. मुकादमानं ती कोयत्यानं फोडली. माणसं रांगेत उभी राहिली, बायकांनी पदरात घेतला, कोणीतरी माझ्या हातावर मोठा तुकडा ठेवून म्हणालं, "तुझ्यामुळं." पंख्याचं काय, असं मी मोठ्यानं विचारलं. एकानंही मान वर केली नाही. मावशी म्हणाल्या, "एका दमात किती मागशील? मिळालं ते खा की." पुढच्या आठवड्यात दुसरा कागद फिरवला, तेव्हा अंगठा मागायला गेले की लोक मला टाळायला लागले. त्यांच्या दृष्टीनं लढा संपला होता, आणि आम्ही जिंकलो होतो.

मामांना मी ओढून शिरूरला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि धुळीचं काम आजपासून बंद करा म्हणाले. मामांनी मान डोलवली. परत येताना एस.टी.त ते म्हणाले की दोनच होड्या राहिल्यात. मी भांडले, रडले. त्यांच्याऐवजी मी घासते म्हणाले. "तुझ्या हाताला कळंल का?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांनी त्या दोन्ही होड्या घासल्या. मी सुट्टीत घरचं पाणी नेऊन होडीच्या बाजूंवर शिंपडायचे; मुकादम पाहायचा आणि फडक्यानं पुसून घ्यायचा.

होड्या तपासायला सरकारचे साहेब आले, त्या दिवशी उतारावर जत्रेसारखी गर्दी होती. पाण्यावर ती पांढरी होडी इतकी हलकी बसली होती की बाटली म्हणून हसलेले लोक पुढं सरकून बघत होते. शेठ म्हणाले, आमचे नावाडी पलीकडे जाऊन परत येतील. मामांनी धोतर वर खोचलं. त्यांच्या चालण्यावरून मला कळत होतं की हे होणार नाही. मी पुढं होऊन थांबवू शकत होते. पण त्या गर्दीसमोर, साहेबांसमोर, त्यांची नाव चालवण्याची आस मी कशी मोडणार होते? मी गप्प राहिले. सगळ्या जगाला ओरडून सांगायला निघालेली मी, त्या वेळी गप्प राहिले.

निम्म्या पात्रापर्यंत ते नीट गेले. वल्ह्याचा मार तोच जुना, लांब. मग मार आखूड झाला. मग वल्ही थांबली. मामा खाली वाकून बसले, दोन्ही हात होडीच्या कडेवर, खांदे वरखाली होत होते. होडी प्रवाहात आडवी झाली, संथपणे फिरली आणि खाली वाहायला लागली. जराही कलंडली नाही.

"पाहिलंत? माणूस हात सोडून बसला तरी किती स्थिर आहे," शेठ साहेबांना म्हणाले. साहेबांनी मान डोलवली. काठावर कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मामा वाहत वाहत वाळूच्या पट्ट्याला लागले, तिथं दोन कोळ्यांनी दोर लावून होडी ओढली.

सहाच्या सहा होड्या पास झाल्या. आणखी होड्यांचं काम शेडला मिळालं. नावाडी म्हणून दुसऱ्या एका तरुण माणसाचं नाव गेलं. शेठ स्वतः घरी येऊन मामांना म्हणाले, आबा, तुमचं वय झालं आता. मामांचं वय तेव्हा शेठएवढंच होतं.

त्यानंतर ते आईकडे शिरूरला राहिले. आडवं झालं की दम लागायचा म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचे. एका दुपारी मी त्यांच्यापुढं सगळं कबूल केलं. पत्रकात पहिलं काय लिहावं हे मला माहीत होतं, तरी मी दुसरंच लिहिलं. त्यामुळं बाकीचं सगळं वाहून गेलं.

"तू कशापायी?" ते म्हणाले. "मीच सांगितलं व्हतं की."

त्यांना मला मोकळं करायचं होतं. मी मोकळी झाले नाही. त्यांनी श्वास गोळा करून आणखी काही सांगायला सुरुवात केली, पण वाक्य पुरं व्हायच्या आत ते दमले, आणि हातानंच खूण केली की राहू दे.