लेकीच्या डोक्यावरची शपथ

गावदेवीशी मी त्या दिवशी मोठ्यानं भांडले, म्हणून पुढचं सगळं घडलं. मनातल्या मनात भांडले असते तर ते कुणाच्या कानावर गेलं नसतं, आणि आज हे लिहायचं काही कारण उरलं नसतं. देवीवरचा माझा विश्वास तेव्हा पार उडत चालला होता. तरी नवघरला तिच्या देवळात जायची मी, कारण जाऊन जाऊन दुसरं जाणार कुठे?

नव्वदच्या आसपास गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला, नवघरशेजारच्या जेसल पार्कात आलो. घर लहान, पण स्वतःचं. नातेवाईक म्हणाले, एवढ्या लांब कशाला जाताय? मला मात्र लांबच हवं होतं. ह्यांचे पिणारे मित्र सगळे गिरगावात, ते काही भाईंदरपर्यंत यायचे नाहीत, असा माझा हिशेब. महिनाभरात ह्यांना काशीमीऱ्याच्या हॉटेलांत नवे मित्र मिळाले आणि माझा हिशेब तिथंच बुडाला. मग मी उपायांच्या मागे लागले. गुरुवार केले, सोळा सोमवार केले, चहात अंगारा घातला. पीसीओवरून ह्यांच्या ऑफिसात पोट बिघडल्याचे इतके फोन केले, की तिथले लोक मला घरगुती औषधं सांगू लागले.

अशात एका पाडव्याला आम्ही तिघं देवळात गेलो. मी, हे आणि तिसरीत असलेली आमची मनू. मी काही बोलले नव्हते, मागितलं नव्हतं. ह्यांनाच काय वाटलं कोण जाणे. देवीसमोर उभं राहून ह्यांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिची शपथ. यापुढे थेंब घेणार नाही." माझे डोळे भरून आले. शपथ आणि तीही लेकीची, म्हणजे आता सुटका झाली असं मी धरून चालले. सासूबाईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले.

पेढ्यांचा डबा घासून फळीवर जायच्या आत हे पिऊन आले. मी आरडाओरडा केला, सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. मनू कोपऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पुढे ते नेमाचंच झालं. हे पिऊन आले की हिला ताप. जेवण सुटलं, खेळणं थांबलं, शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा तर ती माझा हात इतका घट्ट धरायची की बांगड्या रुतायच्या. डॉक्टरांना काही सापडेना. तिची भीती जावी म्हणून त्यांनी तिला मनगटावरची नाडी कशी बघायची ते शिकवलं. तेव्हापासून ती तासन्‌तास स्वतःचं मनगट धरून बसू लागली. मला वाटलं, पोरीला नवा खेळ मिळाला.

माझ्या मनानं एकच घेतलं होतं. शपथ मोडली, देवी कोपली, आणि शिक्षा मनूला होतेय. म्हणून त्या दुपारी मी देवळात गेले आणि देवीला स्पष्ट विचारलं, की पितो कोण आणि तापतंय कोण, तुला दिसत नाही का? पोरीला हात लावलास तर पुन्हा तुझी पायरी चढणार नाही. आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाहेर आले तर पायरीवर एक बाई बसलेली. देवळाच्या भिंतीला लागूनच रेशनचं दुकान आहे, आणि रॉकेलच्या रांगेत आपला डबा ठेवून ती सावलीला टेकली होती. माझं भांडण तिनं अक्षरन्‌ अक्षर ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, "माझे मालक बी पीत होते, ताई. आता न्हाई पीत." मग म्हणाली, "मी काय देवीची न्हाई. आमच्या घरात बुद्धवंदना असती. पण देवीला तुमचं सांगून झालं असंल, तर आमालाबी सांगा."

ती विमलताई. मूळची मराठवाड्याची, आमच्याच रस्त्यावर चार बिल्डिंगा सोडून राहणारी. दर रविवारी एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेली माणसं जमतात आणि शेजारच्या वर्गात त्यांच्या घरच्या बायका, असं तिनं सांगितलं. तेवढ्यात रांग हलली आणि ती डब्याकडे धावली. खरं सांगते, मला तेव्हा जराही आशा वाटली नाही. पण इतक्या दिवसांत "तुम्हीच जरा सांभाळून घ्या" असं न म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. रविवारी मी गेले.

लहान मुलांचे बाक, त्यावर अवघडून बसलेल्या आम्ही सात-आठ जणी. कुणी मराठीत बोलायची, कुणी हिंदीत, एक गुजराती बेन तर रडताना गुजराती आणि हसताना हिंदी. तिथे उपदेश करायची बंदी होती. जिनं तिनं फक्त आपलं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऑफिसला खोटे फोन करणारी मी एकटीच नाही हे कळलं, तेव्हा मला हसूच फुटलं आणि मग हुंदका. मी पाडव्याचं सांगितलं, शपथ सांगितली, मनूचा ताप सांगितला. विमलताईनं हळूच एवढंच विचारलं, "त्या लेकराला काय वाटतंय, इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. देवीला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, सासूबाईंनी ओळखीतल्या एका ज्योतिषालाही विचारलं. घरी आले तेव्हा मनू मनगट धरून खिडकीत बसली होती. मी शेजारी बसले आणि विचारलं. ती म्हणाली, "बाबा प्यायले की मी मरणार ना? म्हणून बघते, चालू आहे का."

देवी तापवत नव्हती पोरीला. आम्ही मोठ्या माणसांनी तिच्या डोक्यावर मरण ठेवलं होतं आणि ती ते घेऊन शाळेत जात होती, पाढे म्हणत होती. मी ह्यांच्यापुढे जाऊन मनू जे बोलली तेच सांगितलं. पुढे एक शब्दही जोडला नाही. एरवी मी जोडला असता, पुष्कळ जोडले असते. हे भिंतीला पाठ लावून खाली बसले. मग म्हणाले, "शपथ सोडवायला हवी."

सासूबाईंनी कडाडून विरोध केला. अगं, एवढा एक लगाम आहे, तोही काढलास तर हा मोकाट सुटेल. खोटं कशाला बोलू, मलाही तीच धास्ती होती. मोडलेली का होईना, शपथ होती. ती गेली की माझ्या हातात काहीच राहणार नव्हतं, ना उपास, ना अंगारा, ना धाक. एकीकडे ह्यांची दारू, दुसरीकडे मनू. रात्रभर नाही, पण कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर मी ओट्यापाशी उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, देवी, ह्यांना मी नाही सावरू शकत. हे तुझे. मला माझी पोर दे. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीकडे ह्यांच्यासाठी काही मागितलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं देवळात गेलो. शपथ सोडवायची रीत काय, म्हणून पुजारीबाबांना विचारलं. ते गावातलेच, जुने आगरी. डोकं खाजवत म्हणाले, "मना काय ठाव न्हाय बाय. अशी रीत आयकली न्हाय." आम्ही एकमेकांकडे बघत उभे. तेव्हा मनूनं बापाचा सदरा ओढला. पोरं खेळताना एकमेकांना गळ्याची शपथ घालतात आणि मग सोडवतात, ती रीत तिला चांगली ठाऊक होती.

"सुटली म्हणा, बाबा."

हे गुडघ्यांवर बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "सुटली." तिनं पुन्हा म्हणायला लावलं, एकदा म्हटलेलं तिला पुरेना. हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी तिचं समाधान झालं. तिनं मनगट चाचपलं, हात सोडला आणि म्हणाली, "आई, मला भूक लागलीय." किती महिन्यांनी ते ऐकलं मी! देवळाबाहेर गाडीवर तिनं दोन वडापाव खाल्ले आणि तिसरा मागितला.

हे मात्र पायरीवरच बसून राहिले होते. घ्यायला शपथ उरली नव्हती, द्यायला वचन उरलं नव्हतं. नेमके तेव्हाच विमलताईचे मालक, बबनराव, रविवारच्या सभेला निघालेले रस्त्यानं दिसले. आम्ही इथे येणार हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, विमलताईनंही नाही. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि सायकलवरून उतरले. "चला," म्हणाले, "कायमचं सोडायचं न्हाई. फक्त आजच्यापुरतं." आणि हे उठले. कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी मागे वळून देवीला हात जोडले.

दारू त्याच दिवशी सुटली असं नाही. गणपती झाल्यावर एकदा हे पिऊन आले. मी आधी मनूकडे बघितलं. तिनं नाक मुरडलं, म्हणाली, "बाबा, उद्या परत बबनकाकांकडे जा," आणि चित्र रंगवत बसली. मी रात्री तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, गार! मला वाटलं, गच्चीवर जाऊन थाळी वाजवावी. हे दुसऱ्या दिवशी सकाळीच बबनरावांच्या दारात उभे राहिले. ऑफिसचा फोन मी केला नाही, ह्यांनी स्वतः केला आणि खरं कारण सांगितलं. त्यानंतर ह्यांनी दारूला शिवलेलं नाही. रोज सकाळी आजच्यापुरतं म्हणतात, आणि बघता बघता मनू दहावीत गेली.

परवा त्याच वर्गात सभेचा वर्धापनदिन होता, सगळ्या घरच्यांना बोलावणं. एक नवा तरुण उभा राहिला, कडेवर लहानगं पोर. बोलता बोलता गहिवरला आणि म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगतो, ह्याची शपथ..." आणि त्याचा हात वर गेला. गुडघेदुखीनं एरवी कण्हत उठणारे आमचे हे दोन बाक ओलांडून गेले आणि त्यांनी तो हात वरच्यावर धरला. "त्याच्या डोक्यावर नको रे. माझ्या हातात दे. आजचा दिवस आपण दोघं मिळून काढू." टाळ्या वाजवायला सुरुवात केली ती आमच्या मनूनं, आणि मग ती शाळा टाळ्यांनी दणाणून गेली.

येताना मी नवघरला उतरले. देवीला सांगितलं, सगळं तूच केलंस, मी नुसती मधून बाजूला झाले. एवढंच तुला हवं होतं ते मला आधी कळलं नाही. हे मी मोठ्यानंच बोलले, आता मोठ्यानंच बोलते. बाहेर आले तर देवळाच्या कोपऱ्यात एक अनोळखी बाई, पदराचा बोळा तोंडात धरून देवीकडे बघत उभी. मी पायरीवर बसले. ती बाहेर येईपर्यंत थांबले, सरकून जागा केली आणि म्हटलं, "देवीला तुमचं सांगून झालं असेल, तर आम्हालाही सांगा."