पॅराशूटचा प्रश्न

माझ्या नवऱ्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे लढाऊ वैमानिक होते. आम्ही सगळे त्यांना ओपा, म्हणजे जर्मनमध्ये आजोबा, म्हणायचो. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला शिकायला आले, इथेच लग्न केलं, त्यामुळे दर रविवारी ओपांकडे कॉफी-केकला जाणं आलंच. तेव्हा ते नव्वदीत होते. शाळकरी वयात ग्लायडर, विशीच्या आत लढाऊ विमान, आधी रशियाची आघाडी, मग आपल्याच शहरांवरचं आकाश. दोनदा त्यांचं विमान पडलं, डावा हात भाजला. शेवटी इंधनच संपलं, विमानं जंगलात झाकून ठेवली आणि ते कैदेत गेले. हे सगळं ते रंगवून सांगायचे. पण त्यांनी पाडलेल्या विमानांत माणसं होती, हे त्यात कधी येत नसे. मी विचारलं की सासूबाई केकची बशी पुढे करायच्या.

एकदा इंग्लंडहून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या थोरल्या भावाचं विमान ओपांनी पाडलं, असा छडा काही हौशी अभ्यासकांनी लावला होता. भेटायला ओपांनीही होकार दिला. दुभाषी अर्थातच मी.

पाहुण्यांचा प्रश्न एकच होता. "त्याचं पॅराशूट उघडलं होतं का?"

ओपा इंजिनाबद्दल बोलू लागले. मग त्या दिवशीच्या ढगांबद्दल. मी भाषांतर करत राहिले. पाहुण्यांनी शांतपणे पुन्हा विचारलं.

"ऊन डोळ्यांवर होतं," ओपा म्हणाले. "काही दिसलं नाही."

पाहुणे आभार मानून हॉटेलवर गेले. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते, तर ओपा काठी टेकत मागे आले.

"नव्हतं उघडलं. मी खालपर्यंत पाहिलं."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"एवढ्या लांबून आले होते ते."

"ओपा, ते त्यासाठीच आले होते."

ते वळून बाहेर गेले.

घरी नवरा म्हणाला, "त्यांना नाही सांगायचं, तर तू कशाला मध्ये पडतेस?" मी मध्येच तर होते. ती सगळी उडवाउडवी माझ्याच तोंडून गेली होती. मी हॉटेलवर फोन केला आणि पाहुण्यांना खरं ते सांगितलं.

ते म्हणाले, "आई शेवटपर्यंत म्हणायची, उडी मारून कुठेतरी राहिला असेल." सकाळी निघण्यापूर्वी ओपांना पुन्हा भेटता येईल का, असं त्यांनी विचारलं. हे त्यांना ओपांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

मी ओपांना लगेच फोन केला. मी सांगून टाकलं म्हणून ते रागावले नाहीत. "माझं बोलून झालंय," एवढंच म्हणाले. मी विनवलं, चिडले, नवऱ्यालाही बोलायला लावलं. ओपा हलले नाहीत. पाहुणे तसेच परत गेले.

पुढच्या वसंतात ओपा वारले. अंत्यविधीला पाद्रींच्या भाषणात ग्लायडर आलं, भाजलेला हात आला, त्यांचं धाडस आलं. बाहेर पडताना सासूबाईंनी विचारलं, "छान बोलले, नाही?"

मला हो म्हणवेना.